चावी संपेपर्यंत

मुलुंड, ११ नोव्हेंबर १९५७

ती. सहदेवकाका यांना मुलुंडहून चंदूचा वाकून नमस्कार.

काका, माझी वाट लागली आहे. सरळच सांगतो.

आमच्या सिनेमाच्या वर्गाने आम्हाला गेल्या आठवड्यात माहुलला नेलं होतं. आठ जणांत मिळून एक, चावी फिरवून चालवायचा कॅमेरा. मी होडीत उभा राहून किनाऱ्यावरचे कोळी आणि मागची तेलाच्या कारखान्यांची धुराडी घेतली. कॅमेरा हातात होता तेव्हा वाटलं, काय झकास घेतलंय! काल पडद्यावर बघितलं. धुराडी डुलतायत, कोळी डुलतायत, समुद्र तर ताटातल्या आमटीसारखा एकदा इकडे, एकदा तिकडे. आमचे करंदीकर सर उठून उभे राहिले. म्हणाले, "बंद करा, माझ्या पोटात ढवळतंय. राणे, तुम्ही होडीत होता की पाळण्यात?" सगळा वर्ग हसला.

मार्चमध्ये परीक्षा आहे. प्रत्येकाने पाच मिनिटांचं मुकं चित्र करायचं. विषय, एक माणूस आपलं काम करताना. आणि अट अशी की तिपाई वापरायची नाही, सगळं हातात धरून. ज्याचं हलेल त्याला कॅमेऱ्याच्या वर्गातून काढून फिल्म धुण्याच्या खोलीत पाठवणार. भाऊ म्हणतात, बाप म्हणून तेव्हाच सांगत होतो, टायपिंग शिक. मग स्वतःच म्हणाले, "सहदेवला विचार. माझा जुना दोस्त, गिरणीत माझ्याबरोबर बॉबिनं उचलायचा, दिवसाच्या शाळेचं तोंड पाहिलं नाही. पण आज स्टुडिओत हातातल्या कॅमेऱ्याचं काम निघालं की बाकी सगळे बाजूला आणि त्यालाच हाक."

तुम्हाला तिथे 'सहदेव तिपाई' म्हणतात ना? मला दोन पायांची तिपाई व्हायला शिकवा.

तुमचा,
चंदू


अंधेरी, १५ नोव्हेंबर १९५७

चि. चंदूला सहदेवकाकाचा पोटभर आशीर्वाद.

पत्र मालन लिहिते आहे. मी खाटेवर बसून सांगतो आणि ती माझं गावठी बोलणं शाळेतल्या मराठीत घालते. मधूनच हसते, म्हणजे मी काहीतरी चुकीचं बोललो असणार.

झिला, आधी रडणं बंद कर. कॅमेरा हातात हलत नाही. तो गुडघ्यात हलतो, पोटात हलतो, श्वासात हलतो. हात बिचारा फुकट बदनाम. तुझ्या काकीला बघ. नळावरून कळशी कमरेवर घेऊन निघते ती चार बिऱ्हाडं ओलांडून येते. वाटेत शुभाच्या आईशी भांडते, कुत्र्याला हाकलते, पदर सावरते, पण थेंब सांडत नाही. कमरेच्या खाली सगळं हलतं आणि वर काही हलत नाही. मी कॅमेरा धरायला कुठल्या साहेबाकडून शिकलो नाही, तिच्याकडून शिकलो. तिला अजून माहीत नाही.

तू असं कर. एक कळशी काठोकाठ भर. दोन्ही हातांनी छातीशी धर, कोपरं बरगड्यांत रुतव. गुडघे सैल, जसे बस थांबताना आपोआप होतात तसे. टाच आधी टेक, मग पाऊल हळू उतरव. श्वास अर्धा सोड आणि उरलेल्या अर्ध्यावर काम चालव. पाणी सांडलं नाही की मग कॅमेरा.

दुसरं. तुमचा लहान कॅमेरा एका चावीत अठ्ठावीस मोजेपर्यंत चालतो. एकदा बटण दाबलं की चावी संपेपर्यंत सोडायचं नाही. समोरच्याचं काम संपलं, तो उठला, शिंकला, काकीने चहा आणला, तरी नाही. नवशिका दहा मोजतो आणि सोडायची घाई करतो, त्या घाईनेच हलतं. समोर काहीही होवो, तू हलू नकोस. आणि खरं सांगू? माणूस दाखवायचं ते दाखवून झाल्यावर जे करतो ना, तेच बघण्यासारखं असतं.

तिसरं, आमच्या खात्यातली रीत. कॅमेरा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना घेणाऱ्याने 'धरला' म्हणायचं. तो शब्द कानावर आल्याशिवाय देणारा सोडत नाही, मग समोर स्टुडिओचा मालक असो. वीस वर्षांत माझ्या हातून एक कॅमेरा पडला नाही तो या एका शब्दामुळे.

तुझा,
सहदेवकाका

(आई म्हणते, माहीत नाही कसं, शेजारच्या खोलीत बसून सगळं ऐकलं मी. आणि मुलगे पाणी भरायला शिकतायत ते बरंच झालं. — मालन)


मुलुंड, २ डिसेंबर १९५७

ती. सहदेवकाका,

पंधरा दिवस मी कळशी घेऊन अंगणात फिरतो आहे. आईने विचारलं, "कुणाला नवस बोललास?" शेजारचे वैद्य रोज कुंपणाशी येऊन उभे राहतात आणि "आज किती सांडलं?" म्हणतात. पहिल्या आठवड्यात अर्धी कळशी सदऱ्यावर यायची. काल फाटकापासून तुळशीपर्यंत गेलो, फक्त ओंजळभर सांडलं. वैद्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या दचक्याने ओंजळभर आणखी.

गेल्या रविवारी तुमच्याकडे आलो तेव्हा भिंतीवर ती लाकडी चौकट टांगलेली बघितली. खांद्यावर बसेल अशी, पुढे कॅमेरा ठेवायला फळी, मागे भार सारखा करायला तराजूचं वजन आणि गिरणीच्या जुन्या पट्ट्याचं कातडं. मालन म्हणाली, बाबांनी स्वतः केली. काका, असलं काही आमच्या वर्गातल्या पुस्तकात नाही! पण एक कळलं नाही. तुमच्यासारख्या माणसाला टेकू कशाला हवा?

आणि अलीकडे पत्र मालनच लिहिते. भाऊंकडे तुमची जुनी पत्रं आहेत, काय टपोरं अक्षर! गिरणीच्या रात्रशाळेत शिकलात म्हणून कुणाला खरं वाटायचं नाही. मला तुमच्या हातचं एक पत्र पाहिजे.

तुमचा,
चंदू


अंधेरी, ८ डिसेंबर १९५७

चंदू,

हे घे माझ्या हातचं पत्र. मालन मैत्रिणीकडे गेली आहे, काकी बाजारात. भिंग लावून वाचावं लागेल. पूर्वी माझं अक्षर हरभऱ्याएवढं होतं, आता मुंग्या चालल्यासारखं बारीक होत जातं. ओळीच्या शेवटी तर मुंग्यांची पिल्लं.

तू दोन प्रश्न विचारलेस, त्यांचं उत्तर एकच. कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगतो. तू शिकणारा आहेस, तुला अर्धं सांगून चालणार नाही.

गेल्या वर्षीच्या गणपतीपासून माझा उजवा हात हलतो. जेवून मांडीवर ठेवला की तो आपला आपणच सुरू होतो, चिमटीत चुना मळल्यासारखा. मी त्याच्याकडे बघतो आणि तो माझ्याकडे बघत नाही. सांताक्रूझच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, नसांचं दुखणं आहे, हळूहळू वाढेल.

पण यातली गंमत ऐक. काही धरलं की हात थांबतो. कॅमेरा धरला, थांबला. सोडला की सुरू. म्हणजे माझ्या कामात आजपर्यंत फिल्मच्या एका फुटाचाही फरक पडलेला नाही. दोन कामांच्या मधे मी हात खिशात घालतो, नाहीतर मांडीखाली दाबून बसतो. घरीही कुणाला कळलेलं नाही. तुझी काकी हल्ली चहाचा पेला अर्धाच भरते, मी म्हणतो, म्हातारपणी काटकसर शिकली. ती चौकट मी पुढच्या दिवसांसाठी केली आहे. धरूनही थांबेनासा झाला, तर ती धरील. कोपरं बरगड्यांत, अर्धा श्वास, हे जे तुला शिकवतोय ना, त्यातलं अर्धं मी या दीड वर्षात शोधलं. ज्याचा हात कधी हलला नाही त्याला स्थिर धरणं म्हणजे काय ते कळत नाही रे.

आमच्याकडे नवे मॅनेजर आले आहेत, नंदकिशोरबाबू. माणूस वाईट नाही. पण त्यांचं म्हणणं, यंत्र नाजूक, माणूस धडधाकट हवा. लाइटवाल्या अनंताची नजर अधू झाली तर त्याला फाटकावर बसवलं. माझं त्यांना कळलं तर मला गोदामात बसवतील. सकाळी कॅमेरे द्यायचे, संध्याकाळी मोजून घ्यायचे. बसेनही. पण चंदू, भिंगाला डोळा लावला ना, की मी गिरणीतला सहदेव उरत नाही. सगळं जग त्या चौकोनात येतं आणि माझ्या श्वासावर उभं राहतं. तेवढं एक माझ्याकडे आहे. ते राहू दे, एवढंच मागतो.

भाऊलाही सांगू नकोस. पत्र फाडून टाक.

सहदेव


मुलुंड, ५ जानेवारी १९५८

ती. सहदेवकाका,

पत्र फाडलं. गळ्याची शपथ, माझ्याकडून कुणाला कळणार नाही.

तुम्ही निरोप दिला होतात तसा खारदांड्याला तुमच्या दशरथ कोळ्याकडे गेलो. त्यांनी मला होडीत उभं केलं आणि म्हणाले, "पोरा, होडीशी भांडू नको, तिच्यासंगती बस अन् तिच्यासंगती ऊठ." तीन फेऱ्यांत दोनदा ओकलो. चौथ्या फेरीत समुद्राची रेघ धरली ती चावी संपेपर्यंत सरळ! करंदीकर सरांनी बघितली आणि फक्त "हं" म्हणाले. वर्गात कुणालाही अजून "हं" मिळालेलं नाही.

आता मागणं. परीक्षेच्या चित्रासाठी मला तुम्ही हवे आहात. तुम्ही खांद्याची चौकट करताना. लाकूड तासताना, पट्टा ओवताना, वजन बांधताना. काका, तुमच्या हातांसारखे हात मी पाहिले नाहीत. धरलेले असताना ते थांबतात, हे तुम्हीच सांगितलंत. मी फक्त काम करतानाचे घेईन.

नाही म्हणालात तर राग नाही. पण दुसरा माणूस मला सुचत नाही.

तुमचा,
चंदू


अंधेरी, ९ जानेवारी १९५८

चि. चंदूला आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मालनला वाटतं, मला लाज वाटते म्हणून वेळ लावतोय. वीस वर्षं कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिलो, पुढे कधी आलो नाही. काकी तर म्हणते, "ह्यांचो फोटो लग्नातसुद्धा नीट येवक नाय, ह्यांनी डोळे मिटले."

ये. एकोणीस तारखेला रविवार आहे. सकाळी ये, दारात दोन तास ऊन असतं. नवी चौकट करू, तुझ्या खांद्याच्या मापाची. परीक्षा झाली की ती तुझी.

हात घे, पण काम चालू असतानाचेच. का ते तुला ठाऊक आहे.

सहदेवकाका

(का ते मला ठाऊक नाही, आणि विचारलं तर बाबा म्हणतात, लिही गप. येताना आईसाठी मुलुंडची ती बारीक शेव आण. — मालन)


मुलुंड, २८ जानेवारी १९५८

ती. सहदेवकाका आणि काकींना नमस्कार.

रविवारचा दिवस मी विसरणार नाही. काकींची तांदळाची भाकरी, कोलंबीचं सुकं आणि दारात बसून रंधा मारणारे तुम्ही. कॅमेरा माझ्या हातात देताना 'धरला' म्हटल्याशिवाय तुम्ही खरंच सोडला नाहीत. मी विसरलो होतो, दोघेही धरून उभे, आणि मालन हसून हसून दाराशी बसली.

फिल्म धुऊन आली. काका, हललेली नाही. एकही तुकडा हललेला नाही. शेवटचा, वजन बांधतानाचा, तर सगळ्यांत चांगला आला आहे.

आता जोडायचं काम. त्यात वेळ जाईल, पत्राला उशीर झाला तर रागावू नका.

तुमचा,
चंदू


अंधेरी, १६ फेब्रुवारी १९५८

चंदू,

पुन्हा मुंग्या. पुन्हा मी एकटाच घरी आहे.

तुझं चित्र चांगलं आलं, वाचून छाती भरली. स्टुडिओत सांगणार होतो, पण गप्प राहिलो. एक गोष्ट मनात कुरतडते आहे. वजनाची गाठ मारून झाली तेव्हा मी हात गुडघ्यांवर ठेवले आणि काकी काही बोलली म्हणून आत बघितलं. मला वाटलं, तू थांबवलंस. आता आठवतं, तो घरघर आवाज चालूच होता. चावी उरली होती का? आठ-दहा मोजण्याइतकी?

असेल तर तेवढा तुकडा काप. कात्रीचा एक घाव. चित्राचं काही बिघडणार नाही, गाठ मारली तिथे काम संपतंच.

दोन ओळींचं कार्ड टाक, म्हणजे झोप लागेल.

सहदेवकाका


अंधेरी, १८ मार्च १९५८

चंद्रप्रकाश,

मी मालन. बाबांना न सांगता लिहिते आहे.

सोळा फेब्रुवारीला बाबांनी तुला पत्र टाकलं. महिनाभर ते पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसत होते. आम्ही विचारलं तर म्हणत, "चंदूचं कार्ड यायचंय." तुझं कार्ड आलं नाही. गेल्या गुरुवारी नंदकिशोरबाबूंनी बाबांना खोलीत बोलावलं आणि शुक्रवारपासून बाबा गोदामात आहेत.

घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, "बसून काम आहे, बरं झालं." मग हात धुवायला गेले ते अर्धा तास तिथेच. सगळं मला शेजारच्या वसुधाच्या भावाकडून कळलं, तो स्टुडिओत सुतारकाम करतो. नंदकिशोरबाबू तुमच्या परीक्षेला पाहुणे म्हणून आले होते. पडद्यावर बाबांचे हात बघितले. गुडघ्यावर ठेवलेले.

तुला वाटत असेल, मला आत्ता कळलं. मला आणि आईला गेल्या वर्षापासून ठाऊक आहे. आई पेला अर्धा भरते तो काटकसरीने नाही, सांडलं तर ते ओशाळतील म्हणून. वर्षभर आम्ही दोघी एका घरात राहून बघितलं नाही असं दाखवलं. आणि तू एका सकाळी आलास, भाकरी खाल्लीस, आणि जगाला दाखवलंस.

उत्तर दे. मला नको, त्यांना दे.

मालन सहदेव परब


मुलुंड, २४ मार्च १९५८

ती. सहदेवकाका यांच्या चरणी,

कुठून सुरुवात करू कळत नाही.

तुमचं पत्र वेळेवर मिळालं होतं. त्याआधीच मी तो तुकडा बघितला होता. वजनाची गाठ बसते, तुम्ही हात गुडघ्यांवर ठेवता, आत काकींकडे बघता, आणि उजवा हात सुरू होतो. नऊ मोजेपर्यंत. मी कात्री उचलली होती, काका, खोटं सांगत नाही. करंदीकर सर मागे उभे होते. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "राणे, याच्या आधीचं सगळं फेकलंत तरी चालेल. हे ठेवा." पुढे म्हणाले, "इतकं स्थिर धरता आलं म्हणून हे दिसतंय." मी त्यांना तुमची गोष्ट सांगू शकत नव्हतो, शपथ घेतली होती. आणि सांगितल्याशिवाय कापायला कारण नव्हतं.

तुम्हीच शिकवलंत ना, चावी संपेपर्यंत सोडायचं नाही? समोर काहीही होवो, हलू नकोस? माणूस दाखवून झाल्यावर जे करतो तेच बघण्यासारखं? मी त्याबाहेर काही केलं नाही. पडद्यावर ते हात आले तेव्हा सभागृहातले सगळे पुढे सरकून बसले. लोक हळहळले, हसले नाहीत.

नंदकिशोरबाबू पाहुणे म्हणून येणार हे मला माहीत नव्हतं. वर्गाबाहेरचं कुणी बघेल असं वाटलंच नव्हतं.

माझा पहिला नंबर आला. आणि, हे मालनला सांगू नका, नंदकिशोरबाबूंनी मला त्यांच्या स्टुडिओत कॅमेऱ्याच्या खात्यात घेतलं आहे. सात एप्रिलपासून. रिकामी झालेली जागा कुणाची हे मला कळतं. तुम्ही नको म्हणालात तर मी जाणार नाही. तुमचा एक शब्द पुरे.

तुमचाच,
चंदू


अंधेरी, ३० मार्च १९५८

चंदू,

आज मालन घरी आहे, तरी मीच लिहितो आहे. आता लपवायचं कुणापासून? कागदाखाली उशी आणि कागदावर डावा हात दाबून ठेवला आहे. वेळ लागेल, पण गोदामात बसणाऱ्याला वेळ भरपूर.

तुझं चित्र मी बघितलं. नंदकिशोरबाबूंनी मला खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला आणि भिंतीवर लावून दाखवलं. पेला पूर्ण भरलेला होता, मी तो उचलला नाही.

आधी कामाचं सांगतो. चित्र उत्तम आहे. मी दुखावलोय म्हणून हातचं राखून सांगणार नाही. माझ्या मागे दाराची चौकट होती, तिची कड मी पडद्याच्या कडेशी ताडून बघितली. अठ्ठावीस मोजेपर्यंत केसभर सरकली नाही. असं मी उमेदीतही फार वेळा धरलं नाही. आणि तेच झालं बघ. तू थोडा जरी हलला असतास, तरी माझा हात त्यात खपून गेला असता. सगळं हलतंय, त्यात म्हाताऱ्याची बोटंही हलतायत, कुणाचं लक्ष जातंय? मी तुला इतकं नीट शिकवलं की सगळ्या पडद्यावर हलणारी एकच वस्तू उरली.

बटण सोडलं नाहीस, त्याचा राग नाही. ते मीच शिकवलं. माझाच धडा मी विसरलो आणि काम संपलं समजून हात सैल सोडले. ती चूक माझी. पण चंदू, कात्रीचं मी तुला काही शिकवलं नव्हतं. मला वाटलं, ते घरून शिकून आला असशील.

सरांनी मनगट धरलं, लिहितोस. कळशी धरून दोन महिने अंगणात फिरलेला तुझा हात, एका मास्तराने धरल्यावर सुटला नाही? आणि त्यांनी एकदा धरलं असेल. परीक्षा मार्चमध्ये झाली. मधे माझं पत्र आलं. मधे किती दिवस होते ते मी मोजत नाही, तू मोज.

आता एक गोष्ट, जी तू लिहायला नको होती. नंदकिशोरबाबू येणार हे माहीत नव्हतं म्हणतोस. त्यांना आमंत्रण द्यायला तू स्वतः स्टुडिओत आला होतास. फाटकावर अनंत असतो. त्याची नजर अधू, पण तुझा आवाज त्याने ओळखला. माझ्याकडे येऊन म्हणाला, "सहदेव, तुझा पुतण्या येऊन गेला, मॅनेजरच्या खोलीत हसण्याचा आवाज येत होता." मी तेव्हा आत सेटवर होतो, पन्नास पावलांवर. मी अनंताला म्हटलं, घाई असेल पोराला, नाहीतर मला भेटल्याशिवाय गेला नसता. हे मी अनंताला म्हटलं, आणि त्यावर माझा विश्वासही होता.

ते एक वाक्य तू लिहिलं नसतंस तर आज मी तुला आशीर्वाद लिहून पाठवला असता. हात गेला, जागा गेली, ती पुढे जायचीच होती, वर्षभर इकडे की तिकडे. मला तेवढं वर्ष हवं होतं, एवढंच.

एक शब्द मागतोस. नको म्हणालात तर जाणार नाही, असं. तो शब्द मी देणार नाही. दिला तर तू आयुष्यभर सांगत फिरशील की काकासाठी सोडलं. ये कामावर. चांगला कॅमेरा धरणारा माणूस मोकळा बसू नये. भाऊला मी काही कळवलेलं नाही, कळवणारही नाही. काकी म्हणते, पोर अजून लहान आहे. तुझी शेवेची रिकामी पुडी मालनने पाटीखाली घडी करून ठेवली होती, ती काल चुलीत गेली.

तुझ्या मापाची खांद्याची चौकट गोदामात माझ्या मागे खिळ्याला टांगली आहे. पट्ट्याची भोकं तुझ्या अंगाबेताने पाडली आहेत, दुसऱ्या कुणाला ती व्हायची नाही. पहिल्या दिवशी घेऊन जा. मागचं वजन थोडं जड वाटेल, चार दिवसांत सवय होते.

आता कामाची रीत. सकाळी सगळे कॅमेरे गोदामातून जातात. खिडकीशी यायचं, वहीत सही करायची, कॅमेरा घ्यायचा. खिडकीच्या आत मी असेन. बाकीच्यांना मी हातात देतो, ते 'धरला' म्हणतात, मग मी सोडतो. कॅमेरा धरलेला असेपर्यंत माझा हात अजूनही दगडासारखा असतो, कुणालाही विचार.

तुझ्यासाठी मात्र मी कॅमेरा फळीवर ठेवीन आणि दोन पावलं मागे सरेन. मग तू उचल. 'धरला' म्हणू नकोस. तो मी आधीच सोडलेला असेल.

सहदेव धाकू परब